माझ्या लग्नातली सभा

माझं लग्न सणसरला, आमच्या घरासमोर घातलेल्या मांडवात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर लागायचं होतं. प्रत्यक्षात लागलं तेव्हा आचाऱ्यानं वांग्याची भाजी दुसऱ्यांदा गरम करायला घेतली होती. मुहूर्त गुरुजींनी पंचांग बघून काढला होता, त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण आमच्या इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात त्या काळी पंचांगाच्याही वर एक गोष्ट असायची, ती म्हणजे नेत्याचा दौरा. नेता आल्याशिवाय अक्षता पडत नसत. ग्रहांना थांबवता येत नाही, नवरा-नवरीला येतं, एवढा साधा हिशेब होता.

आमचे नेते म्हणजे आबा. आमदार, खासदार, मंत्री ही फार वरची माणसं. ती आम्हाला फोटोत दिसत. आमच्यापर्यंत पोचायचे ते आबा. पंचायत समितीचं तिकीट कुणाला, सोसायटीचा चेअरमन कोण, रस्ता कुणाच्या शेताला वळसा घालून जाणार, हे सगळं त्यांच्या बंगल्यावर ठरायचं. त्यांच्या आधी हे त्यांचे वडील ठरवायचे. तेही आबाच. ते गेले तेव्हा त्यांना थोरले आबा म्हणायला लागले आणि मुलाला आबा. नातू तेव्हा पाळण्यात होता, पण गावात त्याला छोटे आबा म्हणायला सुरुवात झालीच होती. आम्हाला हे कुणी करायला लावलं असं मात्र मी म्हणणार नाही. आम्ही आपण होऊन, हौसेनं केलं. दर पाच वर्षांनी नवा माणूस शोधायचा, त्याचं नाव पाठ करायचं, त्याचा स्वभाव समजून घ्यायचा, एवढा उद्योग सांगितलाय कुणी? त्यापेक्षा तीच हाक, तोच बंगला, तेच फाटक.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, आबांचे कार्यकर्ते होते. माझे आजोबा मेंढरांच्या मागं चालत कोकणापर्यंत जाऊन यायचे. तात्यांनी मेंढरं विकून ऊस केला आणि आबांच्या मागं चालायला लागले. मागं चालायची सवय घरातली होती, बाकी तपशील बदलले. थोरल्या आबांच्या सभेत त्यांनी पहिल्यांदा सतरंज्या अंथरल्या तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. माझ्या लग्नाच्या वेळी मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि सतरंज्या त्याच होत्या. सभा संपली, गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या, की मागं उरलेला जो माणूस एकटा वाकून सतरंज्यांच्या घड्या घालताना दिसायचा, तो माझा बाप. दुसऱ्यानं घातलेली घडी त्यांना पटायची नाही, हेही खरं.

या सगळ्याच्या बदल्यात तात्यांना एकच गोष्ट हवी होती. पंचायत समितीचं तिकीट. निवडणूक पुढच्या वर्षावर आली होती, आमचा गण, म्हणजे आमच्या गावांचा मतदारसंघ, आरक्षणातून सुटून खुला राहिला होता आणि आबांनी बंगल्याच्या पायरीवर उभ्या-उभ्या तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "पोरीच्या लग्नाला येतोय न्हवं, तितंच बोलू."

बाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. आमच्याकडं त्याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळला असता. लग्नात मांडव असतो, कर्णा असतो, सगळ्या गणातली माणसं आयतीच जमलेली असतात आणि जेवणही मुलीच्या बापाचं असतं. सभेला याहून काय लागतं? त्यामुळं आमच्याकडची निम्मी तिकिटं आशीर्वादाच्या भाषणात जाहीर व्हायची. 'नांदा सौख्यभरे' म्हणता म्हणता एखाद्याला सभापती करून टाकायचे.

तात्यांनी लग्नाची तारीख आबांच्या सवडीनं धरली. मग त्यांनी मला उसाच्या बांधावर नेलं आणि आजूबाजूला बघत म्हणाले, "एक आभाराचं भाषण लिहून दी. येळंवर तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय." मी बारामतीच्या कॉलेजातून बी. ए. झालेली. आबांच्या बंगल्यावर जाणारे तात्यांचे सगळे अर्ज माझ्याच हातचे. भाषण मी चांगलं दणकेबाज लिहिलं. 'आज आपण माझ्यावर जो विश्वास टाकलात, त्याला मी जिवात जीव असेपर्यंत तडा जाऊ देणार नाही,' अशी सुरुवात होती. तात्या ते गोठ्यात पाठ करायचे. आमच्या म्हशीला ते माझ्याआधी तोंडपाठ झालं असावं. ज्या मुलीची पाठवणी करायची तिच्याकडूनच भाषण लिहून घेतोय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मलाही त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा मला तात्यांच्या तिकिटाचीच उत्सुकता जास्त होती. नवरा तर ठरलेलाच होता.

लग्नाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन मांडवाच्या कापडातून गळत होतं. मुहूर्त टळू नये म्हणून मला आणि नवऱ्याला आधीच अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभं केलं. माझ्या दोन मामांनी अंतरपाटाची टोकं धरली. माइकवर आमच्या शाळेचे मास्तर होते. आबा निघाले, आबा बारामतीत पोचले, आबा आता कुठल्याही क्षणी येतील, असं ते सांगत राहिले. मध्येच ते एखाद्या माजी सरपंचाचं आगमन जाहीर करायचे, तेवढाच वेळ जायचा. मुहूर्त आला आणि गेला. मामांचे हात दुखायला लागले तसा अंतरपाट खाली-खाली येऊ लागला आणि जो चेहरा मंगलाष्टकानंतर बघायचा तो मला बराच आधी दिसला. घामानं थबथबलेला, मुंडावळ्या एका कानावर सरकलेल्या. तो एका शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

नवऱ्याकडचे कऱ्हाटीचे. सासऱ्यांचा पारा चढत चालला होता. त्यांना वेगळ्या गटाचा नेता प्रिय होता, म्हणून तर जास्तच. ते तात्यांना म्हणाले, "आवो, आमच्या पोराचं लगीन हाय का तुमची सभा?"

तात्या हात जोडून म्हणाले, "दोन्ही हाय, पाव्हणं. जरा दम धरा."

मग एक जीप आली. तिच्यातून पुढच्या बाजूनं आबांचे पीए उतरले आणि मागच्या बाजूनं छोटे आबा. इयत्ता सातवी. वसतिगृहातून उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेले. पीएंनी तात्यांना बाजूला घेतलं. आबांना मुंबईहून अचानक बोलावणं आलं होतं, त्यांनी मोठ्या मनानं चिरंजीवांना पाठवलं होतं. माझं लक्ष तात्यांच्या चेहऱ्याकडं होतं. तो क्षणभर पडला, आणि मग त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलावा तसा पुन्हा जागेवर बसवला. "आलं की," ते म्हणाले. "आबा काय आन् छोटं आबा काय. रगात एकच हाय."

मग सत्कार झाला. फेटा बांधणाऱ्यानं आबांच्या डोक्याच्या मापानं फेटा आधीच बांधून ठेवला होता. तो छोट्या आबांच्या भुवयांवर उतरला. एका हातानं फेटा वर धरून, दुसऱ्या हातानं ते नारळ सांभाळत होते. ज्यांच्या मांडीवर आमच्या अख्ख्या गावातली पोरं वाढली असे म्हातारे पुढं होऊन त्यांना रामराम घालत होते. पोरगं बिचारं वाईट नव्हतं. त्याला तहान लागली होती आणि हे कुणाला सांगावं ते त्याला समजत नव्हतं. मास्तरांनी जाहीर केलं, "आता छोटे आबा वधूवरांना शुभाशीर्वाद देतील." वर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मी एकवीस. आशीर्वाद देणारा बारा.

पीएंनी माइक खाली ओढून त्याच्या तोंडासमोर आणला. पोरानं दोन्ही हात शरीराला चिकटवले आणि शाळेत कविता म्हणतात तशा सुरात सुरुवात केली.

"आज आपण सर्व जण इथं जड अंतःकरणानं जमलो आहोत."

बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला. लेक सासरी निघाली, अंतःकरण जड होणारच. माझ्या आईनंही पदर डोळ्याला लावला. पोरगं काय जाणतं बोलतंय, असं कुणीतरी म्हणालं.

"या कुटुंबाचा आधारवड हरपला आहे."

मी मान वर केली. पोरगं पुढं निघालं होतं. त्यानं तात्यांचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. जीपमध्ये पीएंनी नीट पाठ करून घेतलं असणार. तात्यांनी थोरल्या आबांच्या काळापासून त्यांच्या घराण्याची निष्ठेनं सेवा केली, असं त्यानं सांगितलं. ऊन पाहिलं नाही, पाऊस पाहिला नाही, घरदार पाहिलं नाही. सभेला सगळ्यांत आधी यायचे, सगळ्यांत शेवटी जायचे. आणि एवढं करून त्यांनी आयुष्यात कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही.

अंतरपाटाच्या पलीकडून नवऱ्याचा हलका आवाज आला. लग्न ठरल्यापासून तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता.

"तुमच्यात कोण वारलं का?"

मी म्हणाले, "वडलांचं चाललंय."

तात्या समोरच पाहुण्यांच्या रांगेत उभे होते. हात जोडलेले, डोळे पोरावर. "त्यांची पोकळी कधीही भरून निघणार नाही," पोरगं म्हणालं. "पण त्यांच्या चिरंजीवांनी खचून जाऊ नये. वडिलांची अपुरी राहिलेली स्वप्नं त्यांनी पुढं न्यावीत. त्यांना योग्य ती संधी देण्यात येईल, असा शब्द मी आबांच्या वतीनं देतो."

टाळ्या पडल्या. मी हे अजूनही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण टाळ्या पडल्या, आणि चांगल्या दणकून पडल्या. आमच्याकडं भाषणातले शब्द कोण ऐकतं? आवाज कुठं चढला आणि थांबला कुठं, एवढंच बघतात. तिथं टाळी वाजवायची असते. पोरगं चढवून थांबलं होतं. मग ते म्हणालं, "आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून," आणि अख्खा मांडव उभा राहिला. मुठीत अक्षता होत्याच. सगळ्यांना वाटलं, झालं एकदाचं, मंगलाष्टकं सुरू. मागच्या दोन-तीन जणांनी तर अक्षता टाकूनही दिल्या. पीएंचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी झडप घालून माइक वर उचलला, तेव्हा पोराच्या तोंडी ईश्वर आला होता. मृतात्म्यापर्यंत जायच्या आत आवाज तुटला.

मास्तर मोठे हुशार. लग्नात, सभेत, भजनात, कुठंही माइक बंद पडला तर कसं सावरायचं हे त्यांना ठाऊक होतं. ते पुढं झाले. "छोट्या आबांनी आज या मंगलप्रसंगी तात्यांच्या आजवरच्या सेवेचा गौरव केला," त्यांनी आवाज लावला, "आणि तात्यांच्या चिरंजीवांना संधी देण्याचा शब्द दिला. पंचायत समितीचा आपला उमेदवार आज ठरला." पुन्हा टाळ्या.

माझा भाऊ त्या वेळी मांडवाच्या मागं पाण्याच्या टाकीत बर्फाची लादी फोडत होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. राजकारणातलं त्याला एवढंच ठाऊक होतं, की निवडणुकीच्या दिवसांत तात्या घरी नसतात आणि त्यांची राजदूत मोटारसायकल आपल्याला मिळते. पोरांनी त्याला खांद्यावर उचलून आणलं. त्याच्या हातात बर्फ फोडायचा दांडा तसाच होता. वारस म्हणून माझा विचार त्या मांडवात कुणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. मी तर नवरी होते, दुसऱ्याच्या गणात चाललेली.

मास्तर म्हणाले, "तात्या, दोन शब्द."

तात्यांना एकच भाषण येत होतं आणि ते मी लिहिलेलं होतं. ते माइकपाशी आले. घसा खाकरला. मग म्हणाले, "आज आपण माझ्या," आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. अंतरपाट तोवर मामांनी गुडघ्यापर्यंत सोडला होता, त्यामुळं मी त्यांना पूर्ण दिसत होते. "माझ्या मुलावर जो विश्वास टाकलात," ते पुढं म्हणाले, "त्याला तो जिवात जीव असेपर्यंत तडा जाऊ देणार न्हाय." आणि तिथून पुढं सगळं भाषण त्यांनी न अडखळता म्हटलं. प्रत्येक ठिकाणी स्वतःला काढून मुलाला ठेवत गेले. भाषण कुठंही बिघडलं नाही. मी ते इतकं चांगलं लिहिलं होतं, की ते कुणालाही बसलं असतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. पोराचा नाही. आबांचा, मास्तरांचा, टाळ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त तात्यांचा.

मग अक्षता पडल्या. आमचं लग्न लागलं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात ताशा वाजल्यावर आलं.

जेवणं चालू असताना सांगवीची माझी एक मावशी माझ्या कानाला लागली. त्या दिवशी सकाळी त्यांच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्याची दशक्रिया होती, नीरेच्या काठी. तिथंही आबांच्या वतीनं छोटे आबाच गेले होते. "हेच बोललं की गं सकाळी," मावशी म्हणाली. "शब्दाला शब्द. नाव तेवढं बदाललं." पोराला दोन भाषणं पाठ करून दिली होती, एक दुखवट्याचं आणि एक लग्नाचं. प्रवासात, उन्हात, त्या फेट्याखाली, लग्नाचं डोक्यातून गेलं. आणि कार्यकर्त्याचं आयुष्य असं असतं, की ते एकाचं दुसऱ्याला बिनचूक लागू पडतं. मावशीला मी म्हटलं, हे तात्यांजवळ बोलू नको.

मावशी ते दुसऱ्या कुणाजवळही बोलली नसेल असं नाही, पण तात्यांपर्यंत ते आलं नाही. पाठवणीच्या वेळी ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता रडतील. डोळे भरलेले होतेच. ते म्हणाले, "थोरल्या आबांपास्नं सगळं ध्यानात ठिवलंय गं त्यांनी. सभंला आधी येतो, शेवटी जातो, ह्ये पण. त्या घरात माझ्याबद्दल एवढं बोलत असतील, मला म्हायीतच न्हवतं." रागाचे जे चार शब्द मी तोंडात जुळवून ठेवले होते, ते मी गिळून टाकले. मीच रडले.

पुढच्या आठवड्यात तात्या भावाला घेऊन बंगल्यावर गेले. तिथं काय झालं ते मला भावानं सांगितलं. आबांना सगळं कळलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "तात्या, तिकीट तुमचंच हाय. पर पोरानं चारचौघात पैल्यांदा शब्द दिलाय. तो खाली पडला, तर जन्मभर त्याच्या शब्दाला कोण इच्यारणार? तुमीच सांगा काय करू." आबा असेच विचारायचे. उत्तर समोरच्यानं द्यायचं असायचं. तात्या म्हणाले, "शब्द पाळा, आबा." भाऊ म्हणाला, तात्यांनी एवढ्या पटकन उत्तर दिलं, की आबांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं. पण तिकीट बदलण्याइतकं नाही.

भाऊ निवडून आला. पांढरे कपडे त्याला शोभायचे. त्याच्या पहिल्या सभेला मी कऱ्हाटीहून गेले होते. सभा संपल्यावर माणसं त्याच्या गाडीमागं धावली आणि मैदानात तात्या एकटे वाकून सतरंज्यांच्या घड्या घालत होते. मी दुसरं टोक धरलं. त्यांनी माझी घडी उकलून पुन्हा घातली.

माझ्या लग्नानंतर पाच वर्षांनी तात्या गेले. दशक्रियेला आमच्या घरात एकच धास्ती होती, पिंडाला कावळा शिवेल का. तिकिटाची इच्छा राहून गेलेली, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. भावानं मनाची तयारी केली होती, की कावळा अडला तर काहीतरी कबूल करायचं. पण पिंड ठेवला आणि कावळा लगेच उतरला. आबांची गाडी अजून यायची होती. आमच्या भागात आबांची वाट न बघता काम उरकणारा मी पाहिलेला तो पहिलाच.

आबा आले, उशिरा. त्यांच्याबरोबर छोटे आबा होते, आता त्यांना मिसरूड फुटत होतं. बोलले आबाच. माझ्या भावाच्या कामांबद्दल बोलले, येणाऱ्या निवडणुकीबद्दल बोलले, भावाच्या मुलाला जवळ ओढून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तात्यांचं नाव एकदा आलं. मग त्यांना पुढच्या गावी लग्नाला जायचं होतं.

गाड्या गेल्यावर आम्ही नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. नवरा शेजारी होता. तो म्हणाला, "यापेक्षा लग्नातलं भाषण बरं होतं."

मी म्हणाले, "आणि ते तात्यांनी ऐकलं."